किसुमूहून आलेली शिराळ्याची किल्ली

साताऱ्याला लोक किल्ला बघायला जातात, महाबळेश्वरच्या वाटेवर चहा प्यायला थांबतात, नाहीतर मुलीसाठी स्थळ बघायला येतात. मी गेलो तो एका मेलेल्या माणसाचं सामान पोचवायला. सामान म्हणजे एक मृत्युपत्र, बँकेचं एक पुस्तक आणि सुतळी बांधलेली बोटभर लांबीची लोखंडी किल्ली.

मेलेला माणूस यशवंत माने. मूळचा शिराळ्याचा. केनियात किसुमूच्या रेल्वे कारखान्यात तो फिटर होता आणि मी तिथल्याच कचेरीत कारकून. वीस वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो. त्याने लग्न केलं नाही. रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा आणि मक्याच्या पिठाचं घट्ट उगाली बघून म्हणायचा, "ही आमच्या भाकरीची मुकी बहीण." तो गेला तेव्हा अग्नी मीच दिला. तळ्याकाठचं पत्र्याचं घर, शिल्लक आणि शिराळ्यातल्या दोन खोल्या, सगळं त्याने 'माझी बहीण हिरा' हिच्या नावे लिहून ठेवलं होतं आणि कारभारी म्हणून माझं नाव घातलं होतं. पुढे आपली माणसं केनियातून भराभर परतू लागली, तसा मीही बडोद्याला आलो. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. त्या श्रावणात किसुमूच्या वकिलाचं पत्र आलं: वारस कोण ते वेळेत सिद्ध करा, नाहीतर घर सरकारजमा होईल.

आमच्या घरच्यांनी बांधून दिलेले ढोकळे पुण्यापर्यंतच संपले. मग मी निर्धास्त मनाने साताऱ्यात उतरलो, कारण आता पोटात कंदी पेढ्यांना जागा होती.

मेढ्याच्या पुढं

साताऱ्याहून मेढ्याला जाणारी एस.टी. श्रावणात ओल्या हिरव्या डोंगरांतून जाते. बडोद्याच्या सपाट मुलखात वाढलेल्या माणसाला हे असं दोन्ही बाजूंनी अंगावर येणारं हिरवं बघून थोडं गुदमरायलाच होतं. मेढ्याच्या पुढे, यशवंताच्या पत्रांवर पत्ता असायचा त्या हिराच्या सासरच्या गावापर्यंत, दोन-अडीच मैल चालायचं होतं. भातखाचरांच्या बांधावरून जाताना मी दोनदा घसरलो आणि एकदा पूर्ण बसलो. मृत्युपत्र डोक्यावर धरलं होतं, म्हणून ते तेवढं कोरडं राहिलं.

गावात पारावर चार माणसं होती. मी विचारलं, "हवालदार शिंद्यांच्या हिराबाई कुठं राहतात?"

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "हिराबाई? आवं पावनं, हिराबाईला जाऊन धा-बारा वर्सं झाली की!"

मी पारावरच बसलो. दोन देशांत पत्रं लिहीत, कागद गोळा करत एवढा लांब आलो तो हे ऐकायला! मला खरंच रडू आलं. यशवंताला शेवटचं वचन दिलं होतं, ते असं चिखलात गेलं असं वाटलं. एका माणसाला दया आली असावी. तो म्हणाला, "हवालदार हायती घरी. च्या तरी घेऊन जावा."

हवालदार साठीच्या पुढचे, ताठ, पांढऱ्या मिशांचे. मी किसुमू असा शब्द उच्चारल्याबरोबर आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पदराला हात पुसत एक बाई उंबऱ्यात आल्या. "यसवंताकडनं आलाय व्हय?"

"हो. त्याच्या बहिणीला भेटायला आलो होतो. पण हिराबाई तर..."

"त्या माज्या सासूबाई," बाई म्हणाल्या. "यसवंताची हिरा मीच."

झालं होतं ते एवढंच. सासूचंही नाव हिरा. एका घरात दोन हिरा कशा चालणार? धाकटीला हाक मारली तर थोरली उठायची, आणि थोरलीच्या नावाने धाकटीला रागावणार तरी कसं? म्हणून लग्नातच धाकटीची पार्वती केली. गावाने तिला पारू म्हटलं. रेशनकार्डावर पार्वती, मतदार यादीत पार्वती. आमच्याकडेही सुनांची नावं बदलतात, पण ती हौसेने; इथे ते काम अडचणीपोटी झालं होतं. यशवंत पत्रं हवालदारांच्या नावे पाठवायचा, ती बरोबर पोचायची, तो गेल्याचं माझं पत्रही तसंच पोचलं होतं, आणि आत मात्र 'चि. हिरा' लिहायचा.

"मग नाव बदलल्याचा काही कागद?" मी विचारलं. कारकुनाची सवय.

हवालदार पहिल्यांदाच बोलले. "कागद कसला आलाय? परातीत तांदूळ पसरलं, मामाची अंगठी मागून घेतली आन् त्यात मी नाव लिव्हलं. झालं!"

"आणि ते तांदूळ?"

"दुसऱ्या दिशी शिजवून खाल्लं की."

त्या रात्री मी नाचणीची भाकरी, वालाची आमटी आणि नव्या लसणाची चटणी अशी जेवलो की बडोद्यात ती आठवून अजून पान सोडावंसं वाटतं. जेवणं झाल्यावर हवालदारांनी आपला निकाल सांगून टाकला. "ह्ये बगा साहेब, तुमी लय लांबनं आलासा. पर बायकूच्या म्हायेरचं खाऊन मी जगलो असं गाव म्हनंल. पेन्शन हाय, भात हाय. जाऊ दे त्ये सरकारला."

पारूबाई चुलीपाशी होत्या. त्या वळल्या नाहीत, पण आवाज स्वच्छ आला. "आफ्रिकेच्या घराचं काय बी करा. मला शिराळ्याचं दार पायजे."

हवालदार मिशीवरून हात फिरवू लागले.

"बा गेला, यसवंता परदेशी, दाराला कुलूप. पंचमीला समद्या बाया म्हायेरी जात्यात. मी पंचवीस वर्सं जात न्हाई. बंद दाराफुडं जाऊन काय करू? आन् आता त्यो बी गेला. हिरा म्हनून हाक मारनारं कोनच न्हाई." एवढं बोलून त्या पुन्हा राख सारखी करू लागल्या.

मी खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलून कपाळाला लावली.

पुन्हा सातारा, मग कऱ्हाड

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं साताऱ्याच्या वकिलांपुढे बसलो. हवालदार पायावर पाय न टाकता, परेडला बसल्यासारखे. वकील चष्म्यावरून बघत म्हणाले, "हवालदारसाहेबांचं प्रतिज्ञापत्र करू. पण ते नवरा पडले. बायकोला मिळालं म्हणजे त्यांनाही मिळालं. तिकडचं कोर्ट ते एकटं धरणार नाही. माहेरचं माणूस हवं. लहानपणापासून बघितलेलं, लग्नाला हजर असलेलं, आणि ज्याला यातलं काही मिळणार नाही असं. शिराळा सांगली जिल्ह्यात, तेव्हा कागद सांगलीलाच होतील. शिराळ्यात कोणी आहे ना?"

"पंचवीस वर्सांत कोन जगलंय, कोन गेलंय, मला काय ठावं?" पारूबाई म्हणाल्या. "आन् असलं तरी मला वळखनार कोन?"

तो दिवस पंचमीच्या आदला होता. त्या दिवशी इकडच्या बायका भावाचा उपवास करतात. पारूबाईंनीही केला होता. भाऊ गेला तरी? मी भीत भीत विचारलं. "नागोबा बी भाऊच की," त्या म्हणाल्या, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

कऱ्हाडला गाडी बदलायची होती आणि हातात दोन तास होते. हवालदार आम्हाला संगमावर घेऊन गेले. इकडून कृष्णा येते, तिकडून कोयना, आणि दोघी समोरासमोर येऊन भेटतात. नद्या अशा भेटताना मी केनियातही बघितल्या नव्हत्या. पाणी गढूळ, फुगलेलं होतं. हवालदारांनी हात करून दाखवलं, "ती कोयना आमच्याकडची. महाबळेसरातनं निगती. हितनं फुडं मातुर कृष्णाच म्हनायचं."

"म्हंजी तिचं बी नाव गेलं," पारूबाई म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचं हसणं मी तिथे प्रथम बघितलं. मी भडंगाचा पुडा सोडला. उपवास असल्यामुळे त्यांनी खाल्लं नाही, पण हवालदारांनी आपला आणि त्यांचा असे दोन्ही वाटे संपवले.

शिराळा

शिराळ्यात पंचमीच्या आदल्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. झाडांना झोके, पोरींच्या हाताला ओली मेंदी, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी नागांच्या गोष्टी: कोणी किती हात लांबीचा धरला, कोणाचा फणा केवढा. गल्ल्या ओलांडताना मी मातीचं प्रत्येक गाडगं दुरूनच वळसा घालून जात होतो.

पारूबाई पुढे झाल्या. एक वळण चुकल्या, परतल्या आणि एका लहान कौलारू घरापुढे थांबल्या. दाराला कुलूप होतं. मला वाटलं होतं, भिंती खचल्या असतील, गवत माजलं असेल. पण उंबरा शेणाने सारवलेला होता आणि त्यावर चार बोटं रांगोळीची होती. कोणीतरी आजच घातलेली.

शेजारच्या घरातून एक ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली म्हातारी बाहेर आली. "कोन गं? कोन पायजे?"

"मी पारू," पारूबाई म्हणाल्या. "शिंद्यांची."

"कोन पारू? ह्या आळीत असली पारू न्हाई. फुडं इच्यार."

म्हातारी दार लावायला वळली. एवढा प्रवास, एवढे कागद, आणि या बाई तिथे उभं राहून गेल्या पन्नास वर्षांच्या सवयीने सासरचं नाव सांगत होत्या. ज्या नावासाठी आलो तेच तोंडातून येईना! मी मागून म्हणालो, "अहो, ते नाव नका सांगू. दुसरं सांगा." त्यांनी पदराचं टोक हातात चुरगाळलं. मग एखाद्या पोरीने शाळेत उभं राहून सांगावं तसं त्या म्हणाल्या, "मी हिरा हाय. मान्यांची."

म्हातारी वळली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "खरी हिरा असशील तर सांग, मला इहिरीत कुनी ढकललं हुतं?"

"मी कवा ढकललं? गंगे, तूच मला ढकललंस!"

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय गं, भवाने! पारू काय, शिंदे काय!" आणि गंगूबाईंनी त्यांना एक धपाटा घातला आणि तिथेच गळ्यात पडून हंबरडा फोडला. सगळी आळी गोळा झाली. हवालदारांनी आळीकडे पाठ केली आणि डोंगराकडे बघत उभे राहिले.

ही गंगू म्हणजे बालमैत्रीण. त्याच आळीत तिला दिली, म्हणून तिला माहेर-सासर एकच. पंचवीस वर्षं ती दर पंचमीला तो उंबरा सारवत होती आणि कुलपात तेल सोडत होती. कोणी सांगितलं नव्हतं. "म्हायेरवाशीन कवा येईल काय नेम?" ती म्हणाली.

किल्ली फिरली. पहिल्याच झटक्याला. किसुमूत यशवंत दर दिवाळीला ती किल्ली घासून पुसायचा आणि मी त्याला हसायचो. आत दोन खोल्या, एक कोनाडा, एक रिकामा पाळण्याचा हूक. हिराबाई (आता मीही त्यांना तेच म्हणतो) मधोमध उभ्या राहिल्या, चहूकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लय ल्हान हाय न्हाई? मला वाटत हुतं लय मोटं हाय."

पंचमीच्या सकाळी माझ्या हातून एक अपराध घडला. प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा लिहावा म्हणून मी पडवीत बसलो आणि पेन्सिलीला टोक करायला ब्लेड काढलं. गंगूबाईंनी झडप घालून ते हिसकावलं. "आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, तळायचं न्हाई! नागोबाला लागतंय." विळी, सुरी, तवा, सगळ्यांना रजा. तेव्हा त्या कागदाचा मसुदा मी बोथट पेन्सिलीने लिहिला आहे आणि तो मलाही नीट वाचता येत नाही.

दुपारी मानकरी नाग घेऊन दारात आले. गाडग्यावरचं फडकं निघालं, फणा उभा राहिला. मी कट्ट्यावर पाय वर घेऊन बसलो होतो. मागे वळून बघितलं तर ब्रह्मदेशात लढलेले हवालदार माझ्याही मागे उभे! हिराबाई मात्र हातभर अंतरावर बसल्या, हळदकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

जेवायला दिंडं होती. म्हणजे पुरण भरून, घडी घालून उकडलेल्या पोळ्या, वर तूप. आमच्याकडे पंचमीला थंड जेवण असतं. या उकडलेल्या दिंडांपुढे ते मला एकदम बिचारं वाटलं. भावाचं पान म्हणून एक पान वेगळं वाढलं होतं. ते बाजूला ठेवतील अशी माझी समजूत. हिराबाई म्हणाल्या, "भाऊ, बसा. तुमी त्येच्याकडनं आलाय." मी पाच दिंडं खाल्ली. पान यशवंताचं होतं आणि तरी पाच खाल्ली, हे कबूल करतो.

सांगली

दुसऱ्या दिवशी गंगूबाईंना साक्षीला घेऊन आम्ही सांगली गाठली. सांगलीत उतरल्याबरोबर हळदीचा वास येतो. पेठेत पोत्यांच्या थप्प्या आणि हमालांची अंगंसुद्धा पिवळी. गंगूबाईंनी कचेरीत जायच्या आधी गणपतीला जायचा हट्ट धरला आणि मग कचेरीत असं पाऊल टाकलं की शिपायाने उठून खुर्ची दिली.

शपथेवर जबाब घेणारे अधिकारी तरुण आणि सभ्य होते. त्यांनी आधी हवालदारांना घेतलं.

"आईचं नाव?"

"हिराबाई."

"आणि पत्नीचं लग्नाआधीचं नाव?"

"त्येच."

"तेच म्हणजे? उच्चारून सांगा."

"आता सांगितलं न्हवं का? त्येच."

साहेबांनी तीन वेळा विचारलं. हवालदार घामाने डबडबले, पण आईचं नाव बायकोला लावून त्यांच्या तोंडून निघेना. आयुष्यभर त्यांनी बायकोला 'अगं ए'पलीकडे हाक मारली नव्हती. पारूदेखील म्हटलं नव्हतं. शेवटी साहेबांनीच ते लिहून घेतलं आणि हवालदारांनी खाली ठसठशीत सही केली.

गंगूबाईंचं उलट. त्यांनी हिराच्या जन्मापासून सुरुवात केली. साहेबांनी हात जोडल्यावर त्या लग्नापर्यंत आल्या. परात कोणाची, तांदूळ कुठले, अंगठी कोणाची, सगळं सांगितलं. "पारवती लिव्हल्यावर ही रडाय लागली. मी म्हनलं, रडू नगंस, मी तुला हिराच म्हनीन."

"या मिळकतीत तुमचा काही फायदा आहे का?" साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं.

"व्हय, हाय की!"

साहेबांची लेखणी थांबली. "कसला फायदा?"

"शेजार मिळतोय न्हवं का मला!"

साहेब हसले. "हा फायदा कायद्यात बसत नाही, आजी." आणि त्यांनी पुढे लिहिलं.

सगळ्यात शेवटी हिराबाईंची सही. दोन इयत्ता शिकलेल्या, तेव्हा अंगठा नको म्हणाल्या. पार्वती हे पटकन लिहिलं. मग 'ऊर्फ' पाशी थांबल्या. 'हिरा' लिहायला त्यांना बराच वेळ लागला. साहेबांनी घाई केली नाही.

कागदांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. किसुमूचं घर विकलं गेलं आणि त्याचे पैसे पुष्कळ पत्रव्यवहारानंतर आले. हवालदारांनी त्याला हात लावला नाही; त्यातून शिराळ्याच्या घराची कौलं शाकारली आणि बाकीचे हिराबाईंच्या नावे पोस्टात आहेत, दोन्ही नावांनी. शिराळ्याचा उतारा त्यांच्या नावे झाला. पंचमीला त्या आता जातात.

पण मला सांगायचं आहे ते सांगलीच्या एस.टी. स्टँडवरचं. पंचमीहून परतणाऱ्या बायकांची तोबा गर्दी होती. गंगूबाई शिराळ्याच्या गाडीत बसल्या होत्या आणि हिराबाई खाली, खिडकीचा गज धरून बोलत उभ्या. पलीकडच्या फलाटावर आमची साताऱ्याची गाडी लागली, भरली, कंडक्टरने घंटी दिली. हवालदार दारात लटकून ओरडले, "अगं ए!" दहा-बारा बायकांनी माना वळवल्या. एक हिराबाई सोडून. "अगं ए! ऐकलं का!" आणखी पाच-सहा वळल्या. गाडी हलली.

हवालदारांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग छाती भरून घेतली आणि कवायतीच्या मैदानावर घालावी तशी साद घातली.

"हिरे! ए हिरे!"

हिराबाई चमकल्या. आणि आमच्याकडे न बघता शिराळ्याच्या गाडीच्या एकेका खिडकीतून शोधू लागल्या, माहेरचं आणखी कोण आलंय म्हणून.